तीस मिनिटांची विश्रांती : पैलवान खाशाबा जाधव

क्विझमध्ये हमखास येणारा एक प्रश्न आहे. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये पहिलं वैयक्तिक पदक कुणी मिळवून दिलं? बरेच जण घाईघाईने लिअँडर पेस म्हणतात, काही जण अभिनव बिंद्रा म्हणतात. बरोबर उत्तर आहे खाशाबा दादासाहेब जाधव. १९५२ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी शहरात त्यांनी कुस्तीत ब्राँझ पदक जिंकलं. त्यानंतर भारताला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला १९९६ साल उजाडलं, म्हणजे तब्बल ४४ वर्षं गेली. आणि आपल्या महाराष्ट्राला तर ७२ वर्षं थांबावं लागलं. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ मिळवलं तेव्हा ही प्रतीक्षा संपली.

खाशाबांवर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यांचे हाल, त्यांची उपेक्षा, त्यांची मिरवणूक हे सगळं आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. पण त्यांच्या आयुष्यात हेलसिंकीच्या मॅटवर एक अर्धा तास असा होता, जो त्यांना मिळायला हवा होता आणि मिळाला नाही. दोन कुस्त्यांच्या मध्ये पैलवानाला किमान तीस मिनिटं विश्रांती द्यायची असा नियम होता. आपण इंजिनिअरिंगवाले, त्यामुळे नियम वाचला की का हा प्रश्न पडतोच. तीस मिनिटंच का? पाच मिनिटं बसून पाणी पिऊन पुन्हा उभं राहिलं तर काय बिघडतं? ह्या प्रश्नाचं उत्तर पैलवानाच्या रक्तात असतं. म्हणून ह्या लेखात खाशाबांचं आयुष्य आणि थोडं शरीरशास्त्र, दोन्ही बरोबरच सांगते.

गोळेश्वरचा मुलगा

दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात. त्यातल्या कितीतरी कराड, सांगली, कोल्हापूर भागात जातात. त्याच पट्ट्यात, कृष्णा आणि कोयनेचा संगम जिथे होतो त्या कराड शहराला लागून गोळेश्वर नावाचं गाव आहे. १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म तिथे झाला. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान. पाच भावांमध्ये खाशाबा सगळ्यात धाकटे. घरातच कुस्ती असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासून वडिलांनी त्यांना मातीत उतरवलं.

पैलवान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पहाडासारखा माणूस येतो. खाशाबा तसे नव्हते. उंची कमी, अंगकाठी लहान. पण पाय विलक्षण चपळ आणि डावपेच पक्के. ढाक हा त्यांचा खास डाव होता. प्रतिस्पर्ध्याचं डोकं आपल्या पकडीत घेऊन त्याला खाली फेकायचं, असा हा डाव. समोरचा कितीही आडदांड असला तरी वेग आणि टायमिंग साधलं की काम होतं. मेकॅनिकलच्या मुलांना लिव्हर आणि मोमेंट शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

१९४० ते १९४७ ह्या काळात ते कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. ह्याच काळात १९४२ चं चले जाव आंदोलन झालं. सातारा जिल्हा तर प्रतिसरकारचा जिल्हा. भूमिगत क्रांतिकारकांना आसरा देणं, त्यांचे निरोप आणि पत्रकं पोचवणं अशी कामं शाळकरी खाशाबांनी केली. पकडलं गेलं असतं तर शिक्षण आणि कुस्ती दोन्ही संपलं असतं.

पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजमध्ये दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी कुस्तीसाठी उभं केलेलं शहर. पेठेपेठेत तालीम, आणि मोठ्या लढतींसाठी खासबाग मैदान. मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले, त्यामुळे हौदा, जोड, खुराक, वस्ताद हे शब्द मला इथे बीड जिल्ह्यात आल्यावरच नीट कळले. ज्यांना माझ्यासारखेच हे शब्द नवीन असतील त्यांच्यासाठी तालमीचा दिवस थोडक्यात सांगते. पहाटे अंधारातच उठायचं. हौद्यातली लाल माती फावड्याने उकरायची. मग जोर, बैठका, धावणं. नंतर जोडीदाराशी लढत. एक जोडीदार दमला की दुसरा ताज्या दमाचा उतरतो, पण पैलवान तोच राहतो. संध्याकाळी परत हेच. वरून दूध, तूप, बदामाचा खुराक. वर्षानुवर्षं, सणवार न बघता.

ह्या मेहनतीला तालमीत दमसास वाढवणं म्हणतात. वस्तादांनी लॅक्टेट हा शब्द ऐकलेला नसेल, पण ते जे करून घेत होते त्याचा हिशोब लॅबमध्ये बराच नंतर मांडला गेला.

हात भरून येतात म्हणजे काय?

आपण सगळ्यांनीच अनुभवलंय. चार मजले धावत चढलो की मांड्या भरून येतात. कबड्डीत एक लांब रेड केली की पाय ऐकत नाहीत. पैलवान म्हणतात हात भरून आले. नेमकं काय होतं?

स्नायूला काम करायला एटीपी नावाचं इंधन लागतं. पहिले काही सेकंद साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटवर निघतात. ते संपत आलं की स्नायू ग्लुकोज झपाट्याने फोडायला लागतो. ह्या फोडण्यातून पायरुव्हेट तयार होतं. काम आरामात चाललं असेल तर हे पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियामध्ये जाऊन ऑक्सिजनच्या मदतीने जळतं. पण कुस्तीसारखा जोर लागला की ग्लुकोज फोडण्याचा वेग मायटोकॉन्ड्रियाच्या कॅपॅसिटीपेक्षा जास्त होतो. मग जास्तीचं पायरुव्हेट लॅक्टेटमध्ये बदलतं आणि रक्तात उतरतं. शांत बसलेल्या माणसाच्या रक्तात लॅक्टेट साधारण १ मिलिमोल प्रति लिटर असतं. जोरदार कुस्तीनंतर तेच १० च्या पुढे, कधी १५ ते २० पर्यंत जातं.

स्नायू आणि लॅक्टिक अ‍ॅसिडचा संबंध शोधण्याचं मोठं काम इंग्लंडचे ए. व्ही. हिल आणि जर्मनीचे ऑटो मायरहॉफ यांनी केलं. त्यांना १९२२ सालचं नोबेल मिळालं. त्यानंतर अनेक वर्षं सगळ्यांचा समज असा होता की लॅक्टेट म्हणजे केवळ कचरा, शरीरात साठणारं विष. तो समज आता मागे पडला आहे.

साखर कारखान्याचंच उदाहरण घेऊ. ऊस गाळला की बगॅस उरतो. न बघणाऱ्याला तो कचरा वाटतो. पण तोच बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्याच्यावर वाफ तयार होते आणि कारखाना चालतो, वर वीजही विकता येते. लॅक्टेटचं तसंच आहे. एका स्नायूने बाहेर टाकलेलं लॅक्टेट दुसरा स्नायू उचलतो आणि इंधन म्हणून जाळतो. हृदय तर ते आवडीने वापरतं. उरलेलं काही लिव्हरकडे जातं आणि तिथे त्याचं परत ग्लुकोज होतं. ह्या चक्राला कोरी सायकल म्हणतात. कार्ल आणि गर्टी कोरी ह्या दांपत्याला १९४७ साली नोबेल मिळालं होतं, त्यांच्या नावावरून. पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या बर्कले विद्यापीठातल्या जॉर्ज ब्रुक्स यांनी पेशीपेशींमधल्या ह्या देवाणघेवाणीला लॅक्टेट शटल असं नाव दिलं.

म्हणजे रक्तातलं लॅक्टेट ही नुसती निर्मितीची गोष्ट नाही. नळ चालू आहे आणि खाली जाळीही उघडी आहे, टाकीत किती पाणी दिसतं ते दोन्हींवर अवलंबून.

मेहनतीने काय बदलतं?

आता खरा मुद्दा. रोज धावणारा, रोज बैठका मारणारा माणूस त्याच वेगाने काम करताना नवख्यापेक्षा कमी दमतो आणि त्याच्या रक्तात लॅक्टेटही कमी दिसतं. हे पूर्वीपासून माहीत होतं. सरळ अंदाज असा होता की त्याच्या शरीरात लॅक्टेट तयारच कमी होत असणार. १९८३ साली डोनोव्हन आणि ब्रुक्स यांनी उंदरांवर प्रयोग केला. काही उंदरांना नियमित पळवून तयार केलं, काहींना नाही. मग किरणोत्सारी खूण लावलेलं लॅक्टेट देऊन ते किती तयार होतं आणि किती उचललं जातं हे वेगवेगळं मोजलं. निष्कर्ष असा निघाला की सारख्याच कामाला लॅक्टेटची निर्मिती दोन्हीकडे जवळपास सारखी होती. फरक होता तो निचऱ्यात. तयार झालेल्या उंदरांचं शरीर लॅक्टेट जास्त वेगाने उचलत होतं.

हे का होतं त्याची कारणं शरीराच्या बांधणीत आहेत. १९६७ साली जॉन होलोझी यांनी दाखवलं होतं की नियमित पळवलेल्या उंदरांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची ताकद जवळजवळ दुप्पट होते. म्हणजे भट्ट्या वाढतात. स्नायूभोवतीच्या केशवाहिन्या वाढतात, म्हणजे पाइपलाइन वाढते. आणि पेशीच्या भिंतीवर लॅक्टेट आत घेणारी एमसीटी नावाची प्रथिनं असतात, तीही वाढतात, म्हणजे दारं वाढतात. भट्ट्या, पाइप आणि दारं तिन्ही वाढल्यावर निचरा वाढणारच.

पण हे एका आठवड्यात होत नाही. कित्येक आठवडे सातत्याने मेहनत केली की फरक दिसायला लागतो, आणि मेहनत सोडली की थोड्याच आठवड्यांत तो ओसरायलाही लागतो. म्हणून तर वस्ताद खाडा चालवून घेत नाहीत.

लंडन, १९४८

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तिथे गेल्यावर पहिली अडचण मातीची. आयुष्यभर मातीत लढलेला पैलवान तिथे मॅटवर उभा राहिला. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. नियमही वेगळे, पॉइंटची पद्धत वेगळी. अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी तिथे त्यांना मार्गदर्शन केलं. तरी खाशाबांनी ५२ किलोच्या फ्लायवेट गटात ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहाव्या क्रमांकावर राहिले. त्यावेळी भारतीय पैलवानासाठी हा फार मोठा नंबर होता. परत आल्यावर त्यांनी पुढच्या चार वर्षांसाठी कंबर कसली. ह्यावेळी वरचा गट, ५७ किलोचा बॅन्टमवेट.

हेलसिंकीचं तिकीट

१९५२ च्या निवडीच्या वेळी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास ह्या मल्लाविरुद्ध त्यांना एका गुणाने मागे ठेवण्यात आलं. आपल्यावर अन्याय झाला अशी खाशाबांची खात्री होती. ते गप्प बसले नाहीत. कुस्तीची आवड असलेल्या पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली. पुन्हा चाचणी ठरली आणि खाशाबांनी त्याच निरंजन दासला चितपट केलं. निवड झाली.

आता पैसे. ह्यावेळी राजाश्रय नव्हता. संस्थानं विलीन झाली होती आणि नवीन सरकारकडे खेळासाठी तशी व्यवस्था नव्हती. खाशाबा आणि त्यांच्या घरच्यांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. ते पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी हा लेख वाचला तर ह्या ओळीवर क्षणभर थांबावं अशी विनंती. एका विद्यार्थ्याच्या परदेशवारीसाठी घर गहाण. पदक मिळेल ह्याची कसलीही गॅरंटी नसताना.

हेलसिंकीत खाशाबांनी सुरुवात जोरात केली. कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चितपट केलं. मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला तर साडेपाच मिनिटांच्या आतच उताणं पाडलं. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला गुणांवर हरवलं. आता पदकाच्या वाटेवर दोनच माणसं उरली. एक जपानचा शोहाची इशी आणि दुसरा सोव्हिएत रशियाचा रशीद ममादबेयोव्ह.

इशीबरोबरची कुस्ती पंधरा मिनिटांवर चालली. आजच्या ऑलिम्पिक कुस्तीत तीन मिनिटांचे दोन डाव असतात आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. त्या काळी सलग पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं एका जगज्जेत्याच्या दर्जाच्या माणसाशी खेचाखेची करून बघा म्हणजे अंदाज येईल. खाशाबा ही कुस्ती गुणांवर हरले. इशीने पुढे सुवर्ण जिंकलं आणि त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण ठरलं.

आणि त्यानंतर लगेच खाशाबांना सांगण्यात आलं की पुढच्या कुस्तीला उभे राहा. समोर ताजा ममादबेयोव्ह. नियमाप्रमाणे किमान तीस मिनिटांची विश्रांती हवी होती. पण तो नियम हातात धरून अधिकाऱ्यांशी भांडायला तिथे एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. दमलेला खेळाडू स्वतः कुठून भांडणार, आणि कुठल्या भाषेत? खाशाबा उभे राहिले, लढले आणि हरले. ममादबेयोव्हला रौप्य मिळालं, खाशाबांना ब्राँझ. तारीख होती २३ जुलै १९५२.

अर्ध्या तासाचा हिशोब

आता मॅथ्स थ्रीमधली एक्स्पोनेन्शिअल डिके आठवा, किंवा इलेक्ट्रिकलवाल्यांनी कपॅसिटर डिस्चार्ज आठवा. काम थांबल्यावर रक्तातलं वाढीव लॅक्टेट साधारण त्याच पद्धतीने उतरतं. नुसतं बसून विश्रांती घेतली तर ते निम्मं व्हायला माणसानुसार अंदाजे १५ ते २५ मिनिटं लागतात. पूर्ववत व्हायला तासभर किंवा जास्त.

समजण्यापुरते आकडे धरू. कुस्ती संपली तेव्हा लॅक्टेट १३ आहे, म्हणजे नेहमीच्या १ पेक्षा १२ जास्त. निचरा चांगला असलेल्या पैलवानाचा हाफ लाइफ १५ मिनिटं धरला तर पंधराव्या मिनिटाला त्याचं लॅक्टेट ७ होईल आणि तिसाव्या मिनिटाला ४. ज्याचा निचरा मंद आहे, हाफ लाइफ २५ मिनिटं, त्याचं तिसाव्या मिनिटाला ६ च्या आसपास राहील. म्हणजे वर्षानुवर्षांच्या मेहनतीने तिसाव्या मिनिटाला एवढा फायदा दिला.

पण आता वेळ शून्य टाका. एकाचं १३ आणि दुसऱ्याचंही १३. समीकरणात निचऱ्याचा वेग आणि वेळ ह्यांचा गुणाकार येतो. वेग कितीही मोठा असला तरी वेळ शून्य असेल तर उत्तर शून्यच. गोळेश्वरच्या मातीत, कोल्हापूरच्या तालमीत वीस-एकवीस वर्षं मेहनत करून कमावलेली गोष्ट वापरायला जी वेळ लागते, तीच त्या दिवशी काढून घेतली गेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. दमण्याला एकटं लॅक्टेट जबाबदार नसतं. स्नायूतली आम्लता, साठलेलं फॉस्फेट, वाढलेलं तापमान, घामातून गेलेलं पाणी, संपलेलं क्रिएटिन फॉस्फेट ह्या सगळ्यांचा तो परिणाम असतो. ह्यातल्या काही गोष्टी पाच मिनिटांत भरून येतात, काहींना अर्धा तास लागतो, काहींना जास्त. लॅक्टेट हा त्यातला मोजता येणारा काटा आहे. पण काटा जे सांगतो ते इतर गोष्टींनाही लागू आहे. सगळ्यांना वेळ हवा.

विश्रांती मिळाली असती तर खाशाबा ममादबेयोव्हला हरवून रौप्य घेऊन आलेच असते, असं मी म्हणणार नाही. ममादबेयोव्हही काही कमी नव्हता. पण ती कुस्ती बरोबरीची झाली असती. तीस मिनिटांचा नियम कुणाला जिंकवण्यासाठी नसतो, दोघांना सारखं उभं करण्यासाठी असतो. तेवढंही त्यांना मिळालं नाही.

मिरवणूक आणि त्यानंतर

खाशाबा परत आले तेव्हा कराडला त्यांच्या स्वागताला १५१ बैलगाड्या सजल्या होत्या. ढोल, ताशे, गुलाल. एरवी पंधरा मिनिटांत संपणाऱ्या रस्त्याला मिरवणुकीने सात तास घेतले असं सांगतात. सरकारने काय केलं माहीत नाही कुणाला, पण गावाने आपलं काम केलं.

खाशाबांनी लगेच कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः लढले, जिंकले आणि मिळालेल्या पैशातून प्राचार्य खर्डेकरांचं घर सोडवलं. मला वैयक्तिकपणे हा प्रसंग पदकाइतकाच मोठा वाटतो.

१९५५ साली ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. खात्यातल्या स्पर्धा त्यांनी जिंकल्या, पोलिसांना खेळाचं प्रशिक्षण दिलं. सत्तावीस वर्षांच्या नोकरीनंतर असिस्टंट कमिशनर म्हणून निवृत्त झाले. पण पेन्शनसाठी त्यांना झगडावं लागलं. शेवटची वर्षं ओढाताणीत गेली. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या मशाल दौडीत त्यांना मान मिळाला, आणि दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं.

बाकीचे मान नंतर आले. राज्य सरकारचा छत्रपती पुरस्कार मरणोत्तर, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीत बांधलेल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. हे सगळं चांगलंच आहे. पण हेलसिंकीत त्या दिवशी बाजू मांडणारा एक माणूस शेजारी असता तर ह्या सगळ्यापेक्षा जास्त उपयोग झाला असता.

आपल्या जिल्ह्यात

खाशाबांचा गट ५७ किलोचा. बरोबर ह्याच ५७ किलोच्या गटात २०१८ साली गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणारा राहुल आवारे आपल्या पाटोद्याचा. २०१९ साली त्याने जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात ब्राँझही मिळवलं. आणि दमसास म्हणजे काय ते बघायचं असेल तर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे आहे. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये झालेल्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये फायनलपर्यंत मजल. स्टीपलचेस म्हणजे आठ मिनिटांहून जास्त वेळ लॅक्टेटच्या काठावर धावणं, वर अडथळे आणि पाण्याचा खड्डा. जितका निचरा जास्त, तितका तो काठ पुढे सरकतो. दुष्काळी म्हणून हिणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातून ही दोन माणसं तयार झाली, हे आपण होस्टेलवाल्यांनी लक्षात ठेवायला हवं.

शेवटी आपल्या उपयोगाच्या चार गोष्टी. गॅदरिंगच्या वेळी क्रॉसकंट्री असते आणि दरवर्षी काही जण आदल्या आठवड्यात प्रॅक्टिस सुरू करतात. भट्ट्या आणि पाइप आठवड्यात बांधून होत नाहीत, दोन-तीन महिने आधी रोज सोसेल त्या वेगाने लांब पळायला लागा, वेग नंतर वाढवा. दुसरं, रेस संपली की धाडकन जमिनीवर आडवे होऊ नका. दहा-पंधरा मिनिटं हळू चालत किंवा सावकाश पळत राहा. चालत्या स्नायूंमधून रक्त वाहतं आणि लॅक्टेट बसून राहण्यापेक्षा लवकर उतरतं. तिसरं, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या ठणकतात तेव्हा त्याचं खापर लॅक्टिक अ‍ॅसिडवर फोडू नका. ते तर आदल्या दिवशीच तासाभरात निघून गेलेलं असतं. तो ठणका स्नायूंच्या बारीक इजेचा असतो.

आणि चौथी गोष्ट खेळणाऱ्यांसाठी नाही, न खेळणाऱ्यांसाठी आहे. इंटर-कॉलेज स्पर्धेला आपली टीम जाते तेव्हा बरोबर एक मॅनेजर म्हणून जातो. बहुतेक वेळा त्याला सगळे फुकट फिरायला आला म्हणून चिडवतात. पुढच्या वेळी जो कोणी जाईल त्याने नियमांचं पुस्तक वाचून जावं. आपल्या खेळाडूची लागोपाठ दुसरी मॅच लावली तर टेबलासमोर जाऊन उभं राहावं आणि त्याची हक्काची विश्रांती मागून घ्यावी. मेहनत खेळाडूने करायची असते. त्या मेहनतीला लागणारा वेळ त्याला मिळतो की नाही, हे बघणं आपलं काम.